रात्रीच्या स्क्रिप्टने पॅकेज काढून टाकली : लिनक्सवर डिपेंडन्सी आपोआप सांभाळायच्या कशा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑफिस ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, तीसेक लिनक्स सर्व्हर, त्यातले बहुतेक महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये. जास्त करून उबुंटू २२.०४, थोडे रॉकी लिनक्स ९. रोज रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेतून, एक स्क्रिप्ट चालते: अ‍ॅप्ट अपडेट (पॅकेजची यादी ताजी करणे), मग फुल-अपग्रेड (नव्या आवृत्त्या बसवणे), मग ऑटोरिमूव्ह (न लागणारी पॅकेज काढणे), सगळ्यांना ‘डॅश वाय’, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला आपोआप ‘हो’, लावलेला. एका रात्री पीएचपी ८.१ ची मॉड्यूल उडाली आणि सकाळी ग्राहकांचे पोर्टल बंद पडले. आता तुम्ही अशी स्क्रिप्ट लिहायला घेतली आहे, जी प्रत्येक पॅकेजच्या डिपेंडन्सी, म्हणजे त्याला चालायला लागणारी इतर पॅकेज, अ‍ॅप्ट-कॅशमधून काढेल, त्यांचा क्रम लावेल आणि एकेक पॅकेज स्वतः बसवेल. ही दिशा बरोबर आहे का, असे विचारले आहे.

ही दिशा सोडा, आजच सोडा. डिपेंडन्सी सोडवणे हे काम पॅकेज मॅनेजरचे आहे, उबुंटूवर अ‍ॅप्टचे आणि रॉकीवर डीएनएफचे. आपल्या स्क्रिप्टने त्याला काय हवे ते नीट सांगायचे, तो काय करणार आहे ते आधी विचारायचे, उत्तर पसंत नसेल तर थांबायचे आणि जे घडले त्याची नोंद ठेवायची. एवढ्या चार गोष्टी चोख करणारी स्क्रिप्ट शंभर-दीडशे ओळींत होते आणि वर्षानुवर्षे चालते. क्रम लावणारी स्क्रिप्ट मात्र पहिल्याच महिन्यात अडकेल. कुठे, तेही सांगतो.

उबुंटू २२.०४ वर ‘लिबसी६’ पॅकेजच्या डिपेंडन्सी पाहा. त्याला ‘लिबजीसीसी-एस१’ लागते. आता लिबजीसीसी-एस१ च्या पाहा. त्याला लिबसी६ लागते. म्हणजे सिस्टिमच्या अगदी पायातच चक्र आहे, आणि चक्राला सरळ क्रम नसतो. अ‍ॅप्टच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारा डीपीकेजी हे कसे जमवतो? आधी दोन्ही पॅकेज उघडून जागेवर ठेवतो आणि मग दोन्ही कॉन्फिगर करतो. उघडणे आणि कॉन्फिगर करणे हे वेगळे टप्पे आहेत, म्हणून ते जमते. पुढची अडचण पर्यायांची: ‘हे किंवा ते’ अशी डिपेंडन्सी. मग व्हर्च्युअल पॅकेज: ‘मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट’ नावाचे खरे पॅकेज कुठेच नाही, ती गरज पोस्टफिक्स भागवतो किंवा एक्झिम भागवतो. वर कॉन्फ्लिक्ट्स, ब्रेक्स, रिप्लेसेस (‘याच्याबरोबर नको’, ‘हे त्याला मोडते’, ‘हे त्याची जागा घेते’ अशा नोंदी) आणि आवृत्त्यांच्या अटी. हे सगळे एकत्र आले की प्रश्न एनपी-कम्प्लीट, म्हणजे झटपट सोडवण्याची सर्वसाधारण पद्धत माहीत नसलेला, होतो, हे सिद्ध झालेले आहे. डीएनएफ आणि झिपर (सुसे लिनक्सचा पॅकेज मॅनेजर) त्यासाठी लिबसॉल्व्ह नावाची लायब्ररी वापरतात, तिच्या मुळाशी सॅट सॉल्व्हर, म्हणजे हो-नाहीच्या अटी एकत्र जुळवणारा प्रोग्रॅम, आहे. अ‍ॅप्ट १९९९ मध्ये डेबियन (उबुंटू ज्यावर बेतलेले आहे ते लिनक्स) २.१ बरोबर आला आणि तेव्हापासून त्याच्या सॉल्व्हरवर काम चालूच आहे. ते बॅशमध्ये पुन्हा लिहायला जाऊ नका.

आता त्या रात्री काय झाले असेल ते बघू, कारण पुढची सगळी रचना त्यावरून ठरते. ‘व्हार’मध्ये ‘लॉग’, त्यात ‘अ‍ॅप्ट’, त्यात ‘हिस्टरी डॉट लॉग’ ही फाइल उघडा. महिना उलटला असेल तर तिच्या शेजारच्या जीझिप केलेल्या जुन्या फाइली पाहा. प्रत्येक व्यवहाराचा वेगळा परिच्छेद असतो: सुरुवातीची वेळ, कोणती कमांड दिली ती ओळ, आणि मग इन्स्टॉल, अपग्रेड, रिमूव्ह अशा याद्या. तुमच्या स्क्रिप्टमध्ये फुल-अपग्रेड आणि ऑटोरिमूव्ह या वेगळ्या कमांड आहेत, त्यामुळे त्यांचे परिच्छेदही वेगळे सापडतील. पीएचपीची नावे कोणत्या परिच्छेदात ‘रिमूव्ह’खाली आहेत ते पाहा.

माझा अंदाज ऑटोरिमूव्हवर आहे. तुम्ही पीएचपीसाठी बाहेरची रेपॉझिटरी (रेपो, म्हणजे पॅकेजचा साठा) जोडली आहे, असे लिहिले आहे. सुरुवातीला कोणीतरी ‘पीएचपी-मायएसक्यूएल’ असे, आवृत्तीचा आकडा नसलेले नाव देऊन इन्स्टॉल केले असणार. ते पॅकेज रिकामे असते, ते फक्त त्या वेळच्या खऱ्या मॉड्यूलकडे बोट दाखवते. तेव्हा ते ८.१ कडे बोट दाखवत होते, म्हणून ८.१ चे मॉड्यूल आपोआप आले आणि अ‍ॅप्टने त्यावर ‘ऑटो’ अशी खूण केली. पुढे बाहेरच्या रेपोत नवी पीएचपी आली आणि त्या रिकाम्या पॅकेजने बोट नव्या आवृत्तीकडे वळवले. अपग्रेडमध्ये नवे मॉड्यूल आले. जुन्याची आता कोणालाच गरज उरली नाही, म्हणून ऑटोरिमूव्हने ते काढले. अ‍ॅप्टच्या हिशेबाने यात काहीच चुकले नाही. तुमच्या पोर्टलला नेमके ८.१ लागते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते. पोर्टलचा कोड गिटमधून (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातून) ‘ऑप्ट’ डिरेक्टरीत उतरतो, पॅकेज म्हणून येत नाही, त्यामुळे अ‍ॅप्टच्या दृष्टीने ते पोर्टल अस्तित्वातच नाही.

म्हणून पहिले काम: पोर्टलची गरज अ‍ॅप्टला कळेल अशा रूपात लिहायची. यासाठी एक रिकामे मेटापॅकेज, म्हणजे आत फक्त डिपेंडन्सीची यादी असलेले पॅकेज, बनवा. हा या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि बहुतेक ठिकाणी हाच केलेला नसतो. एक डिरेक्टरी, तिच्यात ‘डेबियन’ नावाची डिरेक्टरी, नाव मोठ्या अक्षरांत, आणि तिच्यात ‘कंट्रोल’ नावाची साधी मजकूर फाइल. फाइलमध्ये पॅकेजचे नाव, आवृत्ती, आर्किटेक्चर म्हणून ‘ऑल’, मेंटेनर, एका ओळीचे वर्णन आणि डिपेंड्सची ओळ. त्या ओळीत आकड्यासकट नावे: पीएचपी८.१-एफपीएम, पीएचपी८.१-मायएसक्यूएल, एनजिनएक्स आणि पोर्टलला जे जे लागते ते. जिथे किमान आवृत्ती हवी तिथे तीही अट लिहा. मग डीपीकेजी-डेबच्या बिल्ड पर्यायाने डेब फाइल तयार होते, काम मिनिटाभराचे. बसवताना अ‍ॅप्ट-गेट इन्स्टॉलला त्या फाइलचा मार्ग स्लॅशसकट द्या, म्हणजे डिपेंडन्सी तोच सोडवतो. डीपीकेजीच्या ‘डॅश आय’ने बसवली तर डिपेंडन्सी कोणी आणत नाही आणि अर्धवट अवस्था राहते.

एवढे केले की ८.१ ची मॉड्यूल ‘ऑटो’ असली तरी त्यांच्यावर अवलंबून असलेले एक पॅकेज मशीनवर आहे. ऑटोरिमूव्ह त्यांना हात लावणार नाही. त्याहून मोठा फायदा पुढे आहे: कुठल्याही अपग्रेडमुळे पोर्टलची गरज मोडणार असेल, तर अ‍ॅप्टला आधी तुमचे मेटापॅकेज काढावे लागेल. म्हणजे काढायच्या यादीत त्याचे नाव दिसणे हीच धोक्याची घंटा. कंट्रोल फाइल पोर्टलच्या गिटमध्येच ठेवा. डेव्हलपरने नवे एक्स्टेन्शन वापरले तर त्याच कमिटमध्ये डिपेंड्सची ओळ बदलेल.

रॉकीवर हेच काम छोट्या स्पेक फाइलमधल्या (आरपीएम या तिथल्या पॅकेज प्रकाराच्या वर्णन फाइलमधल्या) ‘रिक्वायर्स’ ओळींनी होते. तिथे एक सोय आणखी आहे. ‘ईटीसी’मध्ये ‘डीएनएफ’, त्यात ‘प्रोटेक्टेड डॉट डी’ या डिरेक्टरीत, ‘कॉन्फ’ने संपणाऱ्या फाइलमध्ये पॅकेजचे नाव लिहिले, की डीएनएफ ते काढायला सरळ नकार देतो. आपले मेटापॅकेज तिथे घाला. डीएनएफ एखादे पॅकेज काढताना त्याच्याबरोबर आलेली आणि आता निकामी झालेली पॅकेजही आपणहून काढतो, म्हणून ही काळजी तिथे जास्तच लागते.

दुसरे काम: रात्रीच्या स्क्रिप्टमधून ‘अ‍ॅप्ट’ काढून ‘अ‍ॅप्ट-गेट’ घाला. ‘अ‍ॅप्ट’ ही माणसांसाठीची कमांड आहे. तिचे आउटपुट पाइपमध्ये टाकले की ती स्वतःच इशारा देते, की माझा इंटरफेस स्थिर नाही, स्क्रिप्टमध्ये जपून वापरा. बदलताना एक फरक ध्यानात ठेवा. ‘अ‍ॅप्ट अपग्रेड’ नवी पॅकेज आणू शकते पण काही काढत नाही. ‘अ‍ॅप्ट-गेट अपग्रेड’ नवे आणतही नाही आणि काढतही नाही, त्यामुळे कर्नलसारखी पॅकेज ‘केप्ट बॅक’, म्हणजे जुन्याच आवृत्तीवर, राहतात. त्यासाठी ‘विथ-न्यू-पीकेजीज’ हा पर्याय लावावा लागतो. फुल-अपग्रेड, म्हणजेच अ‍ॅप्ट-गेटमधले डिस्ट-अपग्रेड, हेच तेवढे काढूही शकते. रोजच्या नोकरीला ते ठेवू नका. आणि काहीही चालवा, त्याला ‘नो-रिमूव्ह’ हा पर्याय लावा. काहीही काढायची वेळ आली तर अ‍ॅप्ट-गेट न विचारता तिथेच थांबतो. हा पर्याय फार कमी लोक वापरतात, आणि रात्री माणूस नसताना याच्याइतका उपयोगी दुसरा नाही.

ऑटोरिमूव्ह रात्रीच्या कामातून पूर्ण काढा. जुन्या कर्नलमुळे ‘बूट’ विभाजन भरेल, अशी भीती असेल तर ते काम उबुंटूवर अनअटेंडेड-अपग्रेड्स हा आपोआप अपडेट बसवणारा प्रोग्रॅम करतो, न लागणारे जुने कर्नल तो काढतो. बाकीची सफाई महिन्यातून एकदा, दिवसा, यादी डोळ्यांखालून घालून.

तिसरे: करण्याआधी विचारा. अ‍ॅप्ट-गेटचा ‘डॅश एस’ पर्याय फक्त नाटक करून दाखवतो, मशीनला हात लावत नाही. आउटपुटमध्ये बसणाऱ्या प्रत्येक पॅकेजची ओळ ‘इन्स्ट’ने सुरू होते आणि काढायच्याची ‘रेमव्ह’ने. ग्रेप या ओळी शोधणाऱ्या कमांडने हे मोजणे सोपे आहे. माझा नियम असा: रेमव्हची एकही ओळ आली की थांबा आणि मेल करा, इन्स्टच्या ओळी नेहमीपेक्षा खूपच जास्त असतील तरी थांबा, कारण बहुधा कोणीतरी नवी रेपो जोडली आहे किंवा सोर्सेसच्या यादीत रिलीजचे नाव बदलले आहे. स्क्रिप्टच्या वर ‘एलसी-ऑल’ या भाषेच्या व्हेरिएबलची किंमत ‘सी’ ठेवा. भाषेची सेटिंग बदलली की संदेश बदलतात, आणि मग ग्रेप गप्प बसतो.

याच्याही आधी अपडेट खरोखर झाले का ते तपासावे लागते. एखाद्या रेपोशी संपर्क झाला नाही, तर अ‍ॅप्ट-गेट अपडेट बऱ्याचदा फक्त इशारा छापून शून्य एक्झिट कोड, म्हणजे ‘यशस्वी’ असा निकाल, देते आणि जुनीच यादी वापरते. स्क्रिप्टला वाटते सगळे छान. अ‍ॅप्टच्या नव्या आवृत्त्यांत, २२.०४ मध्येही, ‘एरर-ऑन’ला ‘एनी’ असे देता येते. मग एकही रेपो चुकली तरी कमांड नापास होते. डीएनएफमध्ये उलटी गंमत आहे. ‘चेक-अपडेट’ला अपडेट सापडले तर तो १०० हा कोड परत करतो, काही नसेल तर ०, आणि खरी चूक असेल तर १. वर ‘सेट डॅश ई’ (शून्याखेरीज कोड आला की थांबा) लिहिलेले असेल तर अपडेट सापडल्याच्या आनंदातच स्क्रिप्ट मरते. त्या एका ओळीचा कोड वेगळा पकडून तपासा.

लॉकबद्दल, म्हणजे एका वेळी एकानेच पॅकेज बसवावीत यासाठीच्या कुलपाबद्दल, कळकळीने सांगतो. उबुंटू स्वतःच्या टायमरने रोज अपडेट तपासतो, त्याच वेळी तुमची स्क्रिप्ट आली की ‘लॉक मिळाला नाही’ असा संदेश येतो. नेटवर सापडणारा उपाय म्हणजे लॉकची फाइल डिलीट करा. हे कधीही करू नका. दोन प्रक्रिया एकाच वेळी डीपीकेजीच्या नोंदीत लिहू लागल्या, तर ती नोंद बिघडते आणि मग मशीन नव्याने उभे करण्याची वेळ येते. त्याऐवजी अ‍ॅप्ट-गेटला ‘डॅश ओ’ने ‘डीपीकेजी, लॉक, टाइमआउट’ ही सेटिंग ३०० सेकंद द्या, तो रांगेत उभा राहील. तुमच्याच स्क्रिप्टच्या दोन प्रती एकत्र चालू नयेत म्हणून बाहेरून एफलॉक ही कुलपाची कमांड लावा.

रात्री स्क्रिप्ट अडकण्याचे आणखी एक नेहमीचे कारण म्हणजे कोणीतरी प्रश्न विचारत बसलेले असते. पॅकेजच्या सेटिंगचे प्रश्न डेबकॉन्फ विचारतो, कॉन्फिग फाइल बदलली आहे ठेवू का बदलू असे डीपीकेजी विचारतो, आणि २२.०४ पासून नीडरीस्टार्टही कोणत्या सर्व्हिस पुन्हा सुरू करू, असा निळा पडदा आणतो. डेबकॉन्फच्या फ्रंटएंडचे व्हेरिएबल ‘नॉनइंटरॅक्टिव्ह’ ठेवा, कॉन्फिगसाठी ‘फोर्स-कॉन्फडेफ’ आणि ‘फोर्स-कॉन्फओल्ड’ द्या, नीडरीस्टार्टचा मोड ‘ए’ (आपोआप) ठेवा. आधी एक्स्पोर्ट करून मग सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारा) चालवला, तर सुडो ही व्हेरिएबल साधारणपणे गाळून टाकतो. ती सुडोच्या नंतर, कमांडच्या आधी लिहावी लागतात. कॉन्फओल्डमुळे तुमची जुनी फाइल राहते आणि नवी शेजारी ‘डीपीकेजी-डिस्ट’ या शेपटीने पडून असते. आरपीएमच्या बाजूला ‘आरपीएमन्यू’ आणि ‘आरपीएमसेव्ह’. काम संपल्यावर या शेपट्यांच्या फाइली शोधून त्यांची यादी मेलमध्ये टाका, नाहीतर वर्षभराने कॉन्फिग आणि प्रोग्रॅम यांचा मेळ राहत नाही.

क्रॉनचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या डिरेक्टरींची यादी, फार तोकडा असतो, त्यात एसबिन या सिस्टिमच्या कमांडच्या डिरेक्टरी नसतात. डीपीकेजीला तिथले एलडीकॉन्फिग सापडत नाही आणि तो मध्येच थांबतो. हाताने चालवली की तीच स्क्रिप्ट चालते. पाथ स्क्रिप्टमध्येच पूर्ण लिहा. खरे तर क्रॉन सोडून सिस्टिमडी या सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा टायमर घ्या. ‘रँडमाइज्ड-डिले-सेक’मुळे तीस मशीन एकाच क्षणी रेपोवर धडकत नाहीत आणि लॉग जर्नलमध्ये आपोआप जातो.

आवृत्त्यांची तुलना स्क्रिप्टमध्ये करावीच लागली तर शब्दांसारखी करू नका. तशी केली की १.१० ही १.९ पेक्षा लहान ठरते. डेबियनच्या पद्धतीत कोलनच्या आधीचा इपॉक हा आकडा सगळ्यांवर मात करतो, आणि टिल्ड (~) रिकाम्यापेक्षाही लहान असतो, म्हणून आरसी १ (अंतिमपूर्व आवृत्ती) ची टिल्ड लावलेली २.० ही खऱ्या २.० च्या आधीची ठरते. डीपीकेजीमध्ये ‘कम्पेअर-व्हर्जन्स’ आहे, ते वापरा.

आता वेळापत्रक. सिक्युरिटी अपडेट थांबवू नयेत. ते अनअटेंडेड-अपग्रेड्सकडे द्या आणि त्याला फक्त सिक्युरिटीच्या रेपोचीच परवानगी ठेवा. बाकी सगळे दोन टप्प्यांत: आधी वागळेच्या ऑफिसातली दोन चाचणीची मशीन, काही दिवसांनी महापेची. पण चाचणीला जी आवृत्ती तपासली तीच महापेला गेली पाहिजे, आणि थेट इंटरनेटवरच्या रेपोतून घेतले तर तशी खात्री नसते. उबुंटू काही अपडेट टप्प्याटप्प्यानेही सोडतो, त्यामुळे एकाच रात्री दोन सारखी मशीन वेगळ्या आवृत्तीवर जाऊ शकतात. यावर उपाय म्हणजे ऑफिसातच एक आरसा, म्हणजे रेपोची आपली प्रत: डेबसाठी अ‍ॅप्टली हे साधन, ज्यात आजच्या रेपोचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) गोठवता येतो, आणि रॉकीसाठी रेपोसिंक आणि क्रिएटरेपो. चाचणी पास झाली की तोच स्नॅपशॉट महापेच्या मशीनना दाखवायचा. बाहेरची पीएचपी रेपोही याच आरशातून आणा, मग ती एका रात्रीत बोट वळवू शकणार नाही.

अशा थोड्या उशिराचा फायदा मार्च २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिला. एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनांच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचे दार घातलेले होते. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्यांनी ते शोधून काढले. तोवर ती आवृत्ती डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग या चाचणीच्या शाखांत पोहोचली होती, सर्वसाधारण वापराच्या स्टेबलमध्ये नव्हती.

गोठवण्याच्या तारखांची एक साधी फाइल ठेवा आणि स्क्रिप्टला सुरुवातीलाच ती वाचू द्या. गणपतीत निम्मी टीम कोकणात असते. त्या आठवड्यात सिक्युरिटीखेरीज काही बदलायचे नाही. जुलैमध्ये रुळांवर पाणी आले की ठाण्याहून महापेला कोणी वेळेवर पोहोचत नाही. मुसळधार पावसाचा इशारा आला की ती तारीखही फाइलमध्ये घाला. पॅकेज दिवसा ‘डॅश डी’ने फक्त उतरवून ठेवा, बसवणे रात्री, म्हणजे मध्येच लिंक तुटली तरी काम अर्धवट राहत नाही.

मागे फिरण्याच्या बाबतीत दोन्ही कुटुंबांत फरक आहे. डीएनएफमध्ये ‘हिस्टरी अनडू’ आहे आणि जुनी आवृत्ती रेपोत असेल तर ते चांगले चालते. २२.०४ च्या अ‍ॅप्टमध्ये तसे काही नाही. म्हणून बसवण्याआधी व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घ्या, आणि डीपीकेजी-क्वेरीने नाव व आवृत्तीची यादी आधी आणि नंतर काढून गिटमध्ये कमिट करा. सकाळी फरक एका नजरेत दिसतो, आणि जुनी आवृत्ती अ‍ॅप्टलीच्या आधीच्या स्नॅपशॉटमध्ये असतेच. रीबूट लागणार का, हे उबुंटूवर ‘व्हार-रन’मधल्या ‘रीबूट-रिक्वायर्ड’ फाइलवरून कळते, रॉकीवर नीड्स-रीस्टार्टिंगच्या ‘डॅश आर’ने. रीबूट मात्र स्क्रिप्टला आपणहून करू देऊ नका.

पायथॉनबद्दल तुम्ही ओझरते विचारले आहे. सिस्टिमच्या पायथॉनमध्ये सुडो पिप (पायथॉनची पॅकेज बसवणारी कमांड) कधीच नको. डेबियन १२ पासून पिप तसे करायला नकारच देतो, २२.०४ देत नाही, म्हणून शिस्त तुम्हालाच पाळावी लागेल. प्रत्येक सेवेला तिचे व्हीएन्व्ह (पायथॉनची स्वतंत्र जागा) आणि हॅशसकट, म्हणजे फाइल तीच आहे हे तपासणाऱ्या खुणेसकट, गोठवलेली रिक्वायरमेंट्स फाइल.

सुरुवात मेटापॅकेजपासून करा, ते झाल्याशिवाय रात्रीची स्क्रिप्ट बंदच ठेवा. सिक्युरिटीचे काम तोवर अनअटेंडेड-अपग्रेड्स सांभाळेल. मग एका चाचणी मशीनवर ‘डॅश एस’ लावून डिस्ट-अपग्रेड चालवा. रेमव्हच्या ओळी आल्या तर त्या, त्यातल्या प्रत्येक पॅकेजचे अ‍ॅप्ट-कॅश पॉलिसीचे आउटपुट आणि हिस्टरी लॉगमधला त्या रात्रीचा परिच्छेद मला पाठवा. कोणती रेपो कोणते पॅकेज ओढते आहे, ते पॉलिसीतल्या प्राधान्याच्या आकड्यांवरून दिसेल आणि त्या रेपोला प्रेफरन्सेसमध्ये किती खाली पिन करायचे, म्हणजे प्राधान्य किती कमी ठेवायचे, ते त्यावरून ठरवू.